प्रयोग कोणाचा, पटसंख्या कोणाची?

मराठी शिक्षणविचारात ‘मूल स्वतःच शिकते’ या वाक्याला अलीकडे आर्षवचनाची प्रतिष्ठा लाभली आहे. शिक्षकाने बाजूला व्हावे, मुलाने आपला विषय निवडावा, मुलांच्या सभेने शाळेचे नियम करावेत, हे सारे आता शिक्षक-प्रशिक्षणाच्या शिबिरांतूनही ऐकू येते. या विचाराला विरोध करण्याचे आपल्याला काही कारण नाही. छडीचा मार ज्यांच्या पाठीवर सर्वांत जास्त बसला, त्यांच्या मुलांनी छडी गेल्याचे दुःख का मानावे? परंतु जी समीक्षा आपण साहित्याला लावतो तीच या विचारालाही लावली पाहिजे. या मराठी लेखनातील ‘मूल’ कोण आहे? त्याला आडनाव आहे काय? ते गावाच्या कोणत्या बाजूने शाळेत येते?

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ हे पुस्तक मराठी शिक्षकांचे लाडके आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणारी तोमोई ही शाळा कोबायाशी यांनी १९३७ साली टोकियोत काढली आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली. तेथे मुले दिवसाची सुरुवात आपल्या आवडीच्या विषयाने करीत. पुस्तक गोड आहे आणि खरेही आहे. पण आपले शिक्षक ते वाचतात तेव्हा त्यांच्या नजरेला रेल्वेचा डबा दिसतो, डब्यात शिरण्याचा प्रश्न दिसत नाही. तोत्तोचानला एका शाळेने काढून टाकले म्हणून ती दुसऱ्या शाळेत गेली. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी ते परत आणावे लागे. त्याला दुसरा डबा नव्हताच.

योगायोग असा की त्याच १९३७ च्या ऑक्टोबरात, आपल्या यवतमाळला लागून असलेल्या वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा आराखडा जन्माला आला. पुढे सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने जी शाळा चालवली तिच्यात मुलांची आमसभा होती. मुले आपले मंत्री निवडीत. सफाई, स्वयंपाक, आरोग्य यांची कामे आपसांत वाटून घेत आणि सभेपुढे त्यांचा जाब देत. महाराष्ट्राच्या भूमीवर विद्यार्थ्यांच्या हाती शाळेचा कारभार देणारे इतके ठळक उदाहरण दुसरे सापडणे कठीण. सवर्ण घरातल्या मुलाने संडास साफ करावा ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. केवळ गांधीविरोधाच्या सवयीने ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तरीही प्रश्न उरतोच. झाकीर हुसेन समितीने शाळेच्या दिवसातील तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला दिली होती आणि मुलांच्या श्रमाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा मुळातच होती. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच तिला विरोध केला होता. सभेने सूत कोण कातील, अंगण कोण झाडील हे ठरवायचे. सूत कातायचेच की नाही, हा प्रश्न सभेपुढे येण्याआधीच सुटलेला होता. आणि हस्तोद्योग म्हणजे काय? विणकराच्या, चांभाराच्या, मांगाच्या घरात मूल जन्मते तेच हस्तोद्योगात. त्याच्या बापाने त्याला शाळेत पाठवले ते त्यातून सुटण्यासाठी. ज्याच्या सात पिढ्यांनी हाताला घट्टे पाडून घेतले नाहीत त्याला श्रमाची प्रतिष्ठा शिकवावी, हे योग्यच. परंतु ज्याचे घट्टेच त्याची जात ठरवतात त्याला तीच शिकवण देण्यात प्रतिष्ठा कोणाची वाढते? ब्राह्मणाचा मुलगा झाडू हातात घेतो तेव्हा तो संस्कार ठरतो. सफाई कामगाराच्या मुलाने घेतला तर ती वारसाहक्काची नोंद ठरते. शाळेची घंटा झाली की पहिला स्वच्छ हाताने घरी जातो.

येथे एका गुरूची आठवण करून दिली पाहिजे. लोकशाही शिक्षणाची आधुनिक मांडणी ज्या ग्रंथापाशी सुरू होते तो जॉन ड्यूईंचा ग्रंथ १९१६ चा. त्याच सुमारास कोलंबिया विद्यापीठात ड्यूईंच्या वर्गात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले होते. प्रयोगशील शाळांनी ड्यूईंकडून कृती उचलली. मातीकाम, बागकाम, प्रकल्प, सहल. बाबासाहेबांनी उचलले ते सहजीवन. लोकशाही ही राज्यकारभाराची पद्धत असण्याआधी एकमेकांच्या अनुभवात वाटेकरी होण्याची जीवनपद्धती आहे, हा विचार त्यांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये थेट जातीच्या भिंतीवर नेऊन आदळला. एकाच झाडाच्या या दोन फांद्या आहेत. मराठी शिक्षणविचाराने एकच पाहिली, हा माझा मुख्य आक्षेप आहे. मूल हाताने काय करते हे त्याने बारकाईने टिपले. ते कोणाशेजारी बसून करते, हे टिपायचे राहिले.

विद्यार्थ्यांनी चालवलेल्या शिक्षणाचा आपला इतिहास या लेखनात कोठेच येत नाही. तो शाळेत घडला नाही, वसतिगृहात घडला. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले आणि तेथील विद्यार्थ्यांकडून ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक निघाले. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर वर्ज्य होते ती मुले मासिक काढतात, याला शिक्षणातला प्रयोग म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? १९५० मध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उभे राहिले. पुढे मिलिंद नावाने ओळखल्या गेलेल्या त्या परिसरात शिकणे वर्गापुरते राहिलेच नाही. कविता, नाटक, नियतकालिक, मोर्चा यांतून एक पिढी एकमेकांना शिकवीत वर आली. शिक्षक बाजूला झाले म्हणून हे घडले नाही. मागे कोणी नव्हते आणि पुढे एकमेकांशिवाय कोणी नव्हते म्हणून घडले.

प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली आले. आपल्या समीक्षेने ते दुःखाची कहाणी म्हणून वाचले, त्यातील भुकेचे प्रसंग उद्धृत केले आणि कपाटात ठेवले. वस्तुतः ते शिक्षणशास्त्राचे पुस्तक आहे. पोरके मूल, ज्याला शाळेत ये म्हणून कोणी हाक मारीत नाही, ते स्वतःला ओढत शाळेपर्यंत नेते. विद्यार्थ्याच्या इच्छेने चालणारे शिक्षण याहून निखळ स्वरूपात कोठे पाहायचे? पण त्या इच्छेला किती किंमत मोजावी लागते, याचाही हिशेब त्यात आहे. तो ‘तोत्तोचान’मध्ये असणे शक्य नव्हते. दोन्ही पुस्तके एकाच टेबलावर ठेवून शिकवली गेली तर भावी शिक्षकाच्या डोळ्यांत काहीतरी खुपेल. ते खुपायला हवे.

स्वतः शिकण्याची इच्छा आणि सोबत शिकणारा समाज यांची फारकत झाली म्हणजे काय होते, हे महागाव तालुक्यातील फुलसावंगीने ऑगस्ट २०२१ मध्ये पाहिले. आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगचे काम करणारा चोवीस वर्षांचा एक मुसलमान तरुण मारुती गाडीचे इंजिन बसवून एकट्याने हेलिकॉप्टर बनवीत होता. चाचणीच्या रात्री मागचा पंखा तुटून वरच्या पंख्यावर आदळला, वरचा पंखा त्याच्या डोक्याला लागला आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी तो सिनेमातला ‘रँचो’ झाला. त्याच्या बुद्धीचे कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. पण त्या कौतुकात एक सोयीस्कर चोरवाट होती. पदवीविना शिकता येते असे म्हटले की आठवीत शाळा का सुटली, हे विचारावे लागत नाही. सिनेमातला रँचो अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहतो. त्याला प्रयोगशाळा आहे, वाद घालायला मित्र आहेत. फुलसावंगीच्या तरुणाला हा सांधा धरणार नाही, आधी दोर बांधून तपास, असे सांगू शकेल अशी जाणकारांची बैठक कोठे होती? शिकणाऱ्यांची सभा म्हणजे केवळ मतदान नव्हे. सोबत्याला वेळेवर ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार तिच्यात असतो. त्या तरुणाच्या वाट्याला फक्त टाळ्या आल्या, त्याही मेल्यावर.

ज्या पुसद परिसराने वसंतराव आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री राज्याला दिले, त्याच परिसराची ही गोष्ट आहे. येथल्या तांड्यांवर, पोडांवर, वस्त्यांवर लहान शाळा आहेत. एक किंवा दोन शिक्षक, चार इयत्ता एका खोलीत. शिक्षक एका इयत्तेत गुंतले की मोठी पोरे लहानांना बाराखडी गिरवून घेतात, घरी गोरमाटी बोलणाऱ्या लहानग्याला मराठी शब्दाचा अर्थ थोरली बहीण सांगते. वेगवेगळ्या वयांच्या मुलांचा एकत्र गट, मुलांनी मुलांना शिकवणे, घरच्या भाषेचा आधार, लहान पट : पुण्या-नाशिकच्या प्रयोगशील शाळांच्या माहितीपत्रकात ज्या गोष्टी अभिमानाने छापल्या जातात त्या येथे गरिबीने आपोआप दिलेल्या आहेत. शहरात याला ‘प्रयोग’ म्हणतात आणि पालक त्यासाठी शुल्क भरतात. तांड्यावर याचे नाव ‘अपुरी पटसंख्या’.

मी या शाळांचे गोडवे गात नाही. कितीतरी ठिकाणी शिक्षक तालुक्याहून ये-जा करतात, बैठका आणि माहिती भरण्यात त्यांचा आठवडा जातो, आणि बालसभेतील मंत्रिमंडळ पाहुणे येण्याच्या दिवसापुरते असते. त्या मंत्रिमंडळात स्वच्छतामंत्री कोण होतो याची पाहणी कोणा कार्यकर्त्याने जरूर करावी. परंतु दोष दुरुस्त करणे वेगळे आणि शाळाच मिटवणे वेगळे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळा’ पुढे आली. मोठी इमारत, संगणक, मैदान, आणि मुलांना तेथवर नेणारी बस. बस येईल तोवर येईल. पावसाळ्यात नाला आडवा आला की आधी मुलगी घरी बसेल, मग ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर धाकटा भाऊ.

या निर्णयांवर प्रयोगशील शिक्षणाच्या व्यासपीठांवरून किती आवाज उठला? काही जण बोलले, त्यांचे ऋण मानू. पण बहुतांश लेखन मुलाने कोणता रंग निवडावा यातच रंगलेले राहिले. मुलांच्या सभेला मानणाऱ्याने आधी हे मान्य केले पाहिजे की शाळा उरली तरच सभा भरते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या स्त्रियांना, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात. कलम २१ मध्ये हे सारे आहे, मूल मात्र नाही. फुलसावंगीच्या आसपासच्या कार्यकर्त्यांनी समूह शाळेचा कागद आपल्या गावी येईल तेव्हा समितीची बैठक शाळेच्या खोलीतच, मुलांना समोर बसवून घ्यावी, आणि ठराव वाचला जाण्याआधी चौथीच्या पोरींना विचारावे की पाचवा वर्ग चालू राहावा तर कोठे, आणि तेथवर त्या कशा जाणार. त्यांचे उत्तर इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत, गोरमाटीत असेल तर गोरमाटीत, लिहून घ्यावे आणि ते इतिवृत्त गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्यावे.