'बाहेरून' झालेले पदवीधर

मराठीत 'बाहेरून' हा शब्द फार सहज वापरला जातो. 'तो बी.ए. आहे, पण बाहेरून.' या 'पण'मध्ये जो तुच्छतेचा सूर आहे, तो रात्रपाळ्या करून पदवी घेतलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. जुन्या विद्यापीठांच्या कागदोपत्री अशा विद्यार्थ्याला 'बहिःस्थ' म्हणत. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या सभेच्या आणि १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाच्या नावात जो 'बहिष्कृत' शब्द आहे, त्याचा आणि या 'बहिःस्था'चा उपसर्ग एकच आहे. कार्यालयात बसून हा शब्द घडविणाऱ्यांच्या मनात असे काही नसेलही. परंतु गावाबाहेर राहिलेल्यांची नातवंडे जेव्हा विद्यापीठाबाहेर राहून पदवी घेतात, तेव्हा हा शब्द त्यांच्या कानावर निरागसपणे पडत नाही.

या पदवीधराला आपल्या साहित्यात जागा आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे. त्याला जागा नाही, आणि ती नसण्याची जबाबदारी केवळ प्रस्थापित मराठी साहित्यावर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४) ही आत्मकथने शिक्षणाचीही कथने आहेत. त्यांतली शाळा ही एक जागा आहे. तिला भिंती आहेत, उंबरठा आहे, बाजूला बसवणारा मास्तर आहे, क्वचित पाठीवर हात ठेवणाराही आहे. अपमान तेथेच होतो आणि जाणीवही तेथेच जागी होते. आपली समीक्षाही या नकाशावरच वाढली. शाळेतून वसतिगृहात, तेथून महाविद्यालयात आणि मग चळवळीत, असा तो रस्ता. ज्या माणसाच्या शिक्षणाला भिंतीच नाहीत, त्याची कथा सांगायला आपल्याजवळ साचा नाही. साचा नसला की माणूस दिसत नाही.

हा माणूस पाहायचा असेल तर खेड तालुक्यातल्या निघोजेला जावे. इंद्रायणीकाठचे हे गाव. चाकण औद्योगिक वसाहत वाढत वाढत त्याच्या शिवारात आली आणि शेताच्या बांधांवर कारखान्यांच्या कुंपणभिंती उभ्या राहिल्या. मोटारी आणि त्यांचे सुटे भाग करणाऱ्या या पट्ट्यात बीड, लातूर, परभणी, नांदेड, यवतमाळकडची मुले येतात. पत्र्याच्या खोलीत चौघे-पाचजण राहतात. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाच गादीवर आळीपाळीने झोपतात. यांतले कितीतरी जण नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत. कोणी बारावीनंतर थांबला होता, कोणाचे आय.टी.आय. झाले आहे, कोणाचे लग्न होऊन दोन मुले आहेत. परिसरातल्या एका अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्क सत्रांना मी संमंत्रक म्हणून जातो, म्हणून ही मंडळी मला माहीत आहेत. पटावर नावे पुष्कळ असतात, समोर बारा-पंधराजण. जे येतात त्यांतले निम्मे रात्रपाळी करून आलेले असतात. साडेअकराच्या सुमारास त्यांच्या माना खाली जातात आणि मी आवाज थोडा कमी करतो.

परीक्षा हे त्यांचे खरे संकट. अभ्यास अवघड म्हणून नव्हे. कंत्राटी कामगाराने आठ-दहा पेपरांसाठी सुट्टी मागितली की पगार तर कापला जातोच, पण परत आल्यावर गेटवर नाव असेल याची खात्री कोणी देत नाही. सहा-सात महिन्यांनी मिळणारा 'ब्रेक' ही त्यांच्या आयुष्यातली नेहमीची आपत्ती आहे. एकाने मला सांगितले, "सर, ब्रेक मे महिन्यात आला तर बरं. पेपर देता येतात." बेकारीचा हिशेब परीक्षेच्या वेळापत्रकाशी जुळवणारा हा विद्यार्थी कोणत्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात येतो?

आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. २०१३ साली केंद्राची 'नीम' ही योजना आली आणि पुढे काही वर्षे या पट्ट्यात ती सर्रास वापरली गेली. तिच्यातला तरुण कामगार नव्हता, प्रशिक्षणार्थी होता. त्याला पगार नव्हता, विद्यावेतन होते. म्हणजे मशीनवर उभा राहणारा हा मुलगा कारखान्याच्या कागदावर शिकाऊ आणि नाशिकच्या कागदावर विद्यार्थी. कामगार नाही म्हणून कामगार संघटनेत नाही; वर्ग नाही म्हणून विद्यार्थी संघटनेतही नाही. इतका पूर्ण विद्यार्थी आणि इतका एकटा विद्यार्थी या देशाने पूर्वी पाहिला नसेल.

आता मुक्त विद्यापीठाकडे वळू. १ जुलै १९८९ रोजी ते स्थापन झाले. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. आम्ही हे ब्रीद वाचतो तेव्हा नाशिक आठवल्यावाचून राहत नाही. याच नाशकात २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. गोदावरीला दक्षिणगंगा म्हणतात, आणि त्या गंगेच्या रामकुंडावर आमच्या लोकांना मज्जाव होता. त्याआधी तीन वर्षे महाडला तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी लाठ्या खाव्या लागल्या. अशा नाशकातून पुढे सहा दशकांनी एक गंगा आपण होऊन घरोघरी निघते, यात इतिहासाचा काही न्याय आहे हे मान्य केले पाहिजे. विद्यापीठाने मराठीत पाठ्यपुस्तिका तयार केल्या, प्रवेशाची अट सैल करणारा पूर्वतयारी अभ्यासक्रम काढला. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला पदवीचा रस्ता दिसला तो त्यामुळे. 'अक्करमाशी'चे लेखक शरणकुमार लिंबाळे याच विद्यापीठाच्या सेवेत होते. मुक्त विद्यापीठाला 'पदव्यांचा कारखाना' म्हणून हिणवणाऱ्यांशी माझे जमत नाही. त्यांच्या घरात पदवी तीन पिढ्यांपूर्वीच आली आहे, त्यांना ती स्वस्त झाल्याचे दुःख परवडते.

तरीही ब्रीदाचा दुसरा अर्थ पाहावा लागतो. ज्या गंगेसाठी लोक एकत्र आले, ती घरोघरी पोहोचली की एकत्र येण्याचे कारणच उरत नाही. महाडला पाण्याइतकेच महत्त्व तळ्यावर चालत गेलेल्या समुदायाला होते. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. त्याच्याही पूर्वी, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा चालवली. दोघांनीही काम करणाऱ्या माणसाची वेळ ओळखली, पण त्याला एकट्याला पुस्तक देऊन घरी पाठवले नाही. १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयातून नुसते पदवीधर निघाले नाहीत. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' नाटक तेथे झाले, नागसेनवनात लिहिणाऱ्यांची एक पिढी एकमेकांना भेटली, भांडली, एकमेकांचे वाचून लिहू लागली. दलित साहित्य ही वसतिगृहातल्या जागरणांचीही निर्मिती आहे. निघोजेच्या खोलीतही जागरण आहे, पण ते पाळीचे आहे.

कायद्याने भेद ठेवलेला नाही. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पुन्हा एकदा कळवले. पुन्हा पुन्हा कळवावे लागते यातच काय ते आले. मुलाखतीत 'रेग्युलर का?' हा प्रश्न येतोच.

स्त्रियांचा अनुभव याहून वेगळा आहे, आणि त्याचा धागा आपल्या साहित्यात निदान एका ठिकाणी सापडतो. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) नोकरी आणि संसार सांभाळून एम.ए. करणारी बाई आहे, आणि तिच्या शिकण्याने घरात उठणारी कुरबूरही आहे. प्रौढपणीच्या शिक्षणात अडवणारा मास्तर नसतो, घरातला माणूस असतो, हे तेथे स्वच्छ दिसते. पॅकिंगच्या कामावर जाणारी माझी एक विद्यार्थिनी पुस्तिका तांदळाच्या डब्यात ठेवते. उंदरांमुळे, असे ती सांगते. मी जास्त विचारले नाही. आपल्या समीक्षेने 'आयदान'वर स्त्रीवादाच्या अंगाने बरेच लिहिले. वय झाल्यावर शिकणाऱ्या माणसाचे पुस्तक म्हणून ते फारसे वाचले नाही.

नारायण सुर्वे यांनी १९६६ साली आपल्या संग्रहाला 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले, तेव्हा कामगारवस्ती आणि रस्ता हेच विद्यापीठ असा त्यात दावा होता. आज निघोजेच्या मुलाकडे दोन्ही विद्यापीठे आहेत, रस्त्याचेही आणि शिक्क्याचेही. पण शिक्क्याचे विद्यापीठ त्याला रस्त्याबद्दल काही विचारत नाही. दलित साहित्याच्या गृहपाठात प्रश्न असतो तो दलित साहित्याची वैशिष्ट्ये विशद करण्याचा. ही मुले बाजारातल्या गाइडमधून ती उतरवतात: वेदना, नकार, विद्रोह. अक्षर सुंदर, मुद्दे क्रमवार. ज्याच्या बोटाला कालच पत्रा लागला आहे, तो 'वेदना' या शब्दाखाली रेघ मारून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. दोष त्याचा नाही. त्याला गुण हवे आहेत. असे प्रश्न काढणाऱ्यांत आपलेही लोक आहेत.

गेल्या वर्षी मी सत्रात एक प्रश्न दिला, गुण नसलेला: 'तुम्ही अभ्यास केव्हा आणि कोठे करता?' नऊजणांनी लिहून आणले. एकाने कंपनीच्या बसमधल्या दिव्याबद्दल लिहिले आहे. तो कोणत्या वळणावर बंद होतो आणि तोपर्यंत किती पाने होतात, ते त्याने मोजले आहे. एकाने आठ ओळींत आठवड्याच्या झोपेचा हिशेब मांडला आहे. एकाने फक्त आईला पदवीचे काय सांगितले ते लिहिले: 'कॉलेज कुठंय रे तुझं?' असे तिने विचारले, आणि त्याने नाशिकच्या दिशेला हात केला. हे नऊ कागद शुद्धलेखन न सुधारता छापायला या त्रैमासिकाने जागा द्यावी, असे मी संपादकांना कळवले आहे.