नवलाईच्या कपाटाला यादी हवी

विद्यापीठांतल्या संग्रहालयांची गोष्ट सहसा दानशूर माणसापासून सुरू करतात. तिथंच गफलत होते. ऑक्सफर्डचं ॲशमोलियन १६८३मध्ये उघडलं, एलियस ॲशमोलच्या देणगीवर. पण त्यातल्या नवलाईच्या बऱ्याच वस्तू जमवल्या होत्या जॉन ट्रेडस्कंट नावाच्या बाप-लेकांनी. दोघंही पेशानं माळी. मुलाच्या मृत्यूनंतर त्याची विधवा हेस्टर या संग्रहासाठी ॲशमोलशी कोर्टात भांडली आणि हरली. दारावर नाव लागलं ते ॲशमोलचं. माळ्यांनी काय काय जमवलं होतं, हे आज कळतं ते १६५६च्या छापील यादीमुळे.

आपल्याकडचं उदाहरण माझ्या मंडणगड तालुक्याशी जोडलेलं आहे. वेळास आज कासवांमुळे माहीत असतं; ते नाना फडणविसांच्या घराण्याचं मूळ गाव. नानांचं मेणवली दप्तर इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीसांनी मिळवलं. त्यांचा साताऱ्यातला संग्रह १९३९मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. एका माणसाचा ध्यास संस्थेची जबाबदारी झाला.

त्याच कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी पुढे घोड नदीकाठी इनामगाव खणलं. तिथे पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण सापडला, आत बसवलेला प्रौढ पुरुष. नुसता कपाटात ठेवला, तर तो विचित्र रांजण. पण तिथल्या इतर प्रौढांची पावलं पुरताना तोडलेली होती, याची शाबूत होती. घर मोठं, पावलं शाबूत, म्हणून हा गावचा प्रमुख असावा, असं अनुमान निघालं. ते रांजणातून निघालेलं नाही, खणताना केलेल्या नोंदींतून निघालंय.

आमच्या धंद्यात याला मेटाडेटा म्हणतात. तो गेला की फाईल उघडते, पण ती कुणाची, कुठली, काही कळत नाही. नवलाईच्या कपाटांचा दोष हाच होता, आणि ‘जगातल्या दहा विचित्र वस्तू’ छापाच्या रील्सचा आजही तोच आहे.

म्हणून विद्यापीठाचं संग्रहालय जोखताना मी इमारत आणि देणगीदाराची पाटी बाजूला ठेवतो. वस्तू कुठून आली, कुणाच्या हातून आली, शेजारी काय होतं, हे लिहिलंय का? आणि ती यादी वेळासच्या शाळेतल्या पोरीला फोनवर वाचता येईल का? दप्तर शेवटी तिच्या गावच्या घराण्याचं आहे.