पुण्यतिथी, पेढा आणि 'ययाति'

वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोड्याची शाळा सोडून सिनेमाच्या कथा लिहायला कोल्हापुरात आले आणि अखेरपर्यंत आमचेच राहिले. मग पुण्यतिथी आम्ही करणार नाही तर कोण? परवा एका मंडळात ती झाली. समई दोनदा विझली, वक्ते सात झाले. ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक ते, हे सातही जणांनी सांगितलं.

चहाच्या वेळी मी भीतभीत एक शंका काढली. 'ययाति'त ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली कहाणी आपल्या तोंडानं सांगतात. पण तिघांचीही भाषा खांडेकरांचीच कशी? रागावलेली देवयानीसुद्धा उपमा शोधत बसते! तरी शर्मिष्ठा डोळ्यांत पाणी आणते, ते कसं, हेही कुणी सांगावं.

"अहो, आज पुण्यतिथी आहे!" अध्यक्ष म्हणाले आणि हातावर पेढा ठेवला.

उतारवयात दृष्टी गेल्यावरही दुसऱ्याकडून वाचून घेणारा, सांगून लिहवणारा हा माणूस. त्याच्यापुढं आम्ही धडधाकट डोळ्यांनी नुसता फोटो बघत बसायचं?

पुढच्या वर्षी दहा पानं वाचून त्यांवर भांडू या, असं मी लेखी सुचवलंय. उत्तर आलंय: आभारप्रदर्शनानंतर, वेळ उरल्यास.