मर्यादित शासन आणि शाळेची निवड : एक चिकित्सा

मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ च्या निबंधात शाळा चालविणे व शिक्षणाचा खर्च उचलणे यांत भेद केला. खर्च शासनाकडे ठेवून पालकांना व्हाउचर देण्याची सूचना केली. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव प्रवेश या विचाराच्या जवळचे आहेत : शाळा खासगी, प्रतिपूर्ती शासनाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास, खासगी विनाअनुदानित शाळांना त्यातून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ही दुरुस्ती रद्द केली. शासनाने अंग काढल्यास शिक्षणप्रसार खुंटेल, ही भीती महात्मा फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडली होती. गरीब पालकांची निवड संकुचित करणारा शासनसंकोच फ्रीडमन यांच्या कसोटीवरही सुधारणा ठरत नाही.