काव्यशिक्षा आणि नवेगावचा बांध

आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांतून सर्जनशील लेखनाची अभ्यासपत्रिका आता रुळली असली, तरी प्रतिभा कधी शिकविता येते काय, असा सवाल टाकून तिची टवाळी करणारांची संख्या रोडावलेली नाही. या टवाळीला आपल्या परंपरेचा आधार मुळीच नाही. मम्मटाने शक्तीच्या जोडीला लोक, शास्त्र व काव्य यांच्या अवलोकनाने येणारी निपुणता आणि जाणत्यांच्या हाताखाली केलेला अभ्यास यांची गणना करून ही तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू ठरविला; राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवीची दिनचर्या प्रहरवार आखून दिली; आणि ना. सी. फडके यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कथालेखनाचे तंत्र चारचौघांत मांडले.

माझी तक्रार निराळी आहे. मम्मटाच्या अवलोकनाच्या यादीत लोक, म्हणजे भोवतालचे चराचर, अग्रभागी आहे, आणि आमच्या अभ्यासक्रमांतून नेमके तेच गळाले आहे. अभ्यासाचीही तीच गत. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ पासून चालत आलेल्या कार्यशाळेत विद्यार्थ्याचे हस्तलिखित सहाध्यायांपुढे ठेवून त्याची निर्दय चिरफाड होते. त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन-उपक्रमात आमचे दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात राहून आले. आम्ही मात्र नाव सर्जनशीलतेचे घेतो आणि पुष्कळ ठिकाणी प्रश्न कथेच्या घटकांवर काढतो, ज्याचे उत्तर एक ओळही न लिहिलेला हुशार विद्यार्थी बिनचूक देऊ शकतो.

या लोकाचे शिक्षण कसे घडते याचा दाखला गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध येथे आहे. कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधल्याचे सांगितले जाणारे ते विस्तीर्ण तळे, भोवतीच्या डोंगररांगा, १९७५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले अरण्य, आणि या सर्व मुलखात मूळचे सोलापूरचे व कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात शिकलेले मारुती चितमपल्ली सरकारी नेमणुकीवर आलेले. तेथे त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. या पाटलांपाशी अरण्यविद्येची पदवी नव्हती. पाखरांची व श्वापदांची रीतभात मात्र त्यांना अवगत होती, आणि हुद्द्याने मोठ्या असलेल्या अंमलदाराने शिष्यत्व पत्करून, ढिवरांकडून पाण्याची व गोंडांकडून रानाची माहिती विचारून घेत, ती टिपून ठेवली. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवा चांदणं’ या ग्रंथांचा कर्ता असा तयार झाला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०२५ साली, निधनाच्या काही महिने आधी, पद्मश्री त्याच्या वाट्यास आली. शास्त्राची बाजूही त्यांनी उपेक्षिली नाही. संस्कृताचे अध्ययन त्यांनी मोठ्या वयात केले.

तथापि त्यांच्या गद्यात स्वतः पाहिलेले आणि नुसते ऐकलेले यांची सीमा पुष्कळदा पुसट होते, लोकसमजूत व निरीक्षण एकाच स्वरात बोलू लागतात. अशा जागी बोट ठेवणारा एखादा खडूस सहाध्यायी चितमपल्लींना लाभता तर बरे झाले असते असे मला वाटते. वर्गाची गरज नाही, असा निष्कर्ष नवेगावावरून काढणारांशी माझे म्हणूनच जमत नाही.

नवेगावबांध ज्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत आहे, तीतच दुसरी एक पाठशाळा आहे. धानाची कापणी आटोपली की वडशाच्या नाटकमंडळ्या मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. त्या नाटकांत भडकपणा आहे, गाण्यांची भरताड आहे. पण कोणत्या संवादाला मांडव हलला आणि कोठे माणसे चहाला उठली, हे तेथील लेखकास पहाटेपर्यंत कळलेले असते. आमच्या परीक्षार्थीस त्याच्या कथेचा वाचक कोण, हे निकाल लागल्यावरही कळत नाही.

गोंदिया जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात, आणि त्या विद्यापीठाची हिवाळी परीक्षा नेमकी तळ्यावर स्थलांतरित पाखरे उतरण्याच्या व गावात मंडई भरण्याच्या सुमारास येते. अभ्यासमंडळाने निदान या एका पत्रिकेपुरती लेखी परीक्षा रद्द करावी, विद्यार्थ्यास त्या महिन्यांत ढिवराच्या डोंग्यात किंवा नाटकाच्या मांडवामागे धाडावे, आणि परत आल्यावर त्याची वही सर्व वर्गासमोर तपासावी. यास लागणारा खर्च बसभाड्यापलीकडे जाणार नाही. अडचण येईल ती गुणपत्रिकेच्या रकान्यांची.