राजीनामा कुणाला परवडतो?

चांगदेव पाटील नोकऱ्या सोडतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’ (१९७५), ‘हूल’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) या चार कादंबऱ्यांत बाकीही पुष्कळ घडतं. पण आजच्या तिशीतल्या वाचकाला पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती हीच गोष्ट. इंग्रजीचा हा प्राध्यापक एका गावातल्या कॉलेजात जातो, खोली शोधतो, मेस शोधतो, मित्र जोडतो, संस्थाचालकांचे नातेवाईक आणि जातीचे कंपू बघून विटतो, आणि बिऱ्हाड आवरून पुढच्या गावाला निघतो. नोटीस पिरियड, रिलीव्हिंग लेटर, पुढच्या महिन्याचा हप्ता या कशाचीही धास्ती गोष्टीला वळण देत नाही.

आज ही चौकडी वाचताना म्हणूनच आधी थोडा हेवा वाटतो. चांगदेवचं अस्वस्थपण, त्याचं एकटेपण, त्याचं मृत्यूबद्दलचं चिंतन यांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय. त्याला राजीनामा परवडतो कसा, हा साधा प्रश्न मात्र बाजूला राहतो.

उत्तर कादंबऱ्यांच्या काळात आहे. साठच्या दशकात महाराष्ट्रात जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत कॉलेजं निघत होती. शिकणाऱ्यांची पहिली पिढी वर्गात येत होती, आणि इंग्रजीत एम.ए. केलेला माणूस सहज मिळत नव्हता. एक दार बंद केलं की दुसरं उघडं असायचं. त्यात चांगदेव एकटा. त्याच्या पगाराकडे डोळे लावून बसलेली बायकोमुलं नाहीत आणि मागे गावाकडे शेतकरी घर आहे. तो निघून जातो तेव्हा किंमत मोजतो ती स्वतःपुरती. नेमाडे त्याच्या या स्वातंत्र्याचं कौतुक करत नाहीत. उलट ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंत ते अधिकाधिक जड होत जातं. ‘झूल’ हे नावच बघा. बैलाच्या पाठीवर सणाला टाकतात ती झूल. दिसायला शोभेची, पण अंगावर घेणारा बैलच. तरीही या स्वातंत्र्यामागचा हिशोब या कादंबऱ्या पुरता मांडत नाहीत. स्टाफरूममधलं राजकारण त्या बारकाईनं दाखवतात, पण हे राजकारण बघूनही जे सहकारी वर्षानुवर्षं तिथंच टिकून राहतात, ते का राहतात याकडे चांगदेवची नजर बहुतेक वेळा उपरोधानंच जाते. त्यांच्यातल्या कुणाच्या घरी तीन बहिणींची लग्नं बाकी असतील, हे वाचकानंच ताडायचं.

‘जरीला’ आणि ‘झूल’ यांच्या मधल्या वर्षी, १९७८मध्ये, दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की नोकरी या शब्दाचा अर्थच पालटतो. बलुतं म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. ते काम जन्मानं गळ्यात पडलेलं असायचं. कुणी अर्ज केला नव्हता, त्यामुळे राजीनामाही देता येत नव्हता. अशा घरातला मुलगा शिकतो आणि मुंबईत सरकारी कारकुनी करू लागतो, तेव्हा त्या पगारात पैशापलीकडचं बरंच काही असतं. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम मिळते आणि त्यासाठी कुणाच्या दारात उभं राहून ‘वाढा’ म्हणावं लागत नाही. हल्ली सरकारी नोकरीला कुणी सहज ‘कम्फर्ट झोन’ म्हणून जातं, तेव्हा ‘बलुतं’ आठवावं. काही घरांनी तो झोन गाठण्यासाठी पिढ्या घालवल्यात. त्यातून बाहेर उडी मारण्याचं धाडस प्रत्येकाला एकाच भावात पडत नाही. शिवाय ही नोकरी लागल्यानं जात सुटत नाही, हेही दया पवार लपवत नाहीत. पगार हातात आल्यावरही जी शरम आणि जी घालमेल उरते, ती या पुस्तकाची खरी ताकद आहे.

मग येतो एकनाथ तनपुरे. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ २००२ची. तिला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विदर्भातलं शेतकरी घर, शिकलेला मुलगा, हातात मास्तर होण्याची पदवी, आणि शाळेत लागायचं तर संस्थेला द्यायचं डोनेशन. चांगदेवच्या काळात कॉलेजं माणसं शोधत होती. एकनाथच्या काळात माणसं शाळा शोधतात, आणि शाळा पैसे मोजून घेतात.

‘बारोमास’ची शेतकऱ्यांच्या दैन्याची कादंबरी म्हणून ओळख झाली, ती योग्यच आहे. पण मला ती पगाराबद्दलची मराठीतली एक फार महत्त्वाची कादंबरी वाटते. तिच्या नावातच तो हिशोब आहे. शेतात काम बारा महिने, पैसा हंगामाला, तोही पाऊस आणि बाजारभाव या दोघांनी परवानगी दिली तर. खत-बियाणं मात्र आधीच उधारीवर आणलेलं. अशा घराला पगार हवा असतो तो तारखेसाठी. दर महिन्याला एक तारीख ठरलेली असली की उधारी फेडता येते, औषध आणता येतं, बायकोला शब्द देता येतो. आणि ही तारीख मिळवण्यासाठी एकरकमी पैसा हवा, जो शेत विकल्याशिवाय उभा राहत नाही. म्हणजे सगळ्या घराचं पोट ज्यावर आहे ते विकून एकाची नोकरी घ्यायची, आणि मग त्या एकाच्या पगारावर सगळ्या घरानं बसायचं. करिअरचा निर्णय म्हणतात तो हाच. तो घेणारा एक असतो, पण त्याचा धोका ओसरीवर बसलेल्या सगळ्यांचा असतो.

कादंबरीत मला खटकतं ते अलकाचं चित्रण. एकनाथची ही बायको जरा बऱ्या घरातली, शहरी वळणाची. तिची चिडचिड, सासूशी खटके, माहेराकडचा ओढा हे सगळं खरं आहे. पण वाचताना ती बऱ्याचदा घराच्या दुःखात भर घालणारी बाई म्हणून समोर येते. तिच्या बाजूनंही एक व्यवहार झालाय, हे अंधुकच राहतं. तिच्या माहेरच्यांनी मुलगी दिली ती पदवीकडे बघून, नोकरी लागेल या भरवशावर. तो भरवसा मोडला तेव्हा तिच्याकडे विकायला शेत नव्हतं आणि सोडायला नोकरीही. ज्या बारकाईनं देशमुख शेतातलं काम आणि घरातली बोली पकडतात, त्याच बारकाईनं अलकाचा हिशोब मांडला असता तर कादंबरी आणखी मोठी झाली असती.

आता हा प्रश्न आजच्या काळात आणून बघू. चांगदेव पाटील आज एम.ए. झाला, नेट-सेट पास झाला, तर बहुधा तो सीएचबीवर असेल, म्हणजे तासिका तत्त्वावर. जितके तास घेतले तितके पैसे, सुट्टीत शून्य, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. त्याला राजीनामा द्यायची हुक्की आली तर तो द्यायचा कशाचा, हाच प्रश्न. एकनाथ आज मार्गी लागला, तरी आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. २०००मध्ये आलेल्या या योजनेत मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. भाषेनं केलेली ही चलाखी एखाद्या कादंबरीकारानं उचलायला हवी. ज्या पैशात घर चालत नाही, त्याच्या नावात मान घातला की मागणाऱ्याला संकोच वाटतो.

नोकरीवर लिहिलेलं मराठी साहित्य वाचताना म्हणून मी हल्ली एक साधा प्रश्न हाताशी ठेवतो. या माणसानं ‘नाही’ म्हटलं, तर त्याची किंमत कोण भरतं? चांगदेवसाठी ती तो स्वतःच भरतो, म्हणून त्याची गोष्ट एका माणसाची राहते. ‘बलुतं’मध्ये ‘नाही’ म्हणण्याची सोय व्हायलाच एक पिढी खर्ची पडते. ‘बारोमास’मध्ये किंमत आईबाप, भाऊ आणि बायको भरतात, म्हणून ती घराची गोष्ट होते. ईएमआयवर फ्लॅट घेऊन गावाकडे पैसे पाठवणारा, अप्रेझलच्या आदल्या रात्री जागणारा, नकोशी नोकरी सोडू की नको म्हणत तीन वर्षं काढणारा माणूस आपल्या कादंबरीत अजून हवा तितका आलेला नाही. कुणी लिहायला बसलं, तर त्याच्या मनाच्या घालमेलीबरोबर त्याचं बँकेचं पासबुकही उघडावं, आणि त्यातल्या प्रत्येक नोंदीपलीकडे कोण बसलंय तेही दाखवावं.

वाचायला सुरुवात करायची असेल तर ‘बारोमास’पासून करा. मग ‘बलुतं’, आणि चांगदेव शेवटी. या क्रमानं गेलात तर त्याच्या प्रत्येक राजीनाम्यापाशी थोडं थांबाल.