'पेडालिओडीस' : नाव आणि नाते

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, मुख्यत्वे सुमारे १,५०० मीटरांहून अधिक उंचीवरच्या मेघारण्यांत, काळपट तपकिरी पंखांच्या फुलपाखरांची एक मोठी प्रजाती आढळते. आर्थर गार्डिनर बटलर ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये तिला 'पेडालिओडीस' हे नाव दिले. निम्फॅलिडी कुलाच्या सॅटिरिनी उपकुलात मोडणाऱ्या ह्या प्रजातीत आज २०० हून अधिक जाती गणल्या जातात. मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंतचे डोंगर आणि ग्वायाना प्रदेशातील सपाट माथ्याचे तेपुई पर्वत, असा तिचा विस्तार आहे. एवढ्या मोठ्या समूहात नामकरणाने नेमके कोणते कार्य केले, हा भाषाभ्यासकानेही विचारात घ्यावा असा प्रश्न होय.

बटलरनंतरच्या शतकात हे नाव एखाद्या पोतडीसारखे झाले होते. वरवर सारख्या दिसणाऱ्या अनेक जाती तीत जमा होत गेल्या. वॉल्टर फॉर्स्टर ह्यांनी १९६४ मध्ये ती पोतडी उघडली आणि तीतून काही नव्या प्रजाती वेगळ्या काढल्या. हे कार्य आवश्यक होते, ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो नव्या नावांच्या घडणीचा. 'आल्टोपेडालिओडीस', 'पुनापेडालिओडीस', 'पॅरापेडालिओडीस', 'प्रीपेडालिओडीस' : मूळ शब्द एकच, पूर्वपदे मात्र निरनिराळी. 'आल्टो' हे स्पॅनिश पद उंची सांगते. क्वेचुआ भाषेतून आलेले 'पुना' हे वृक्षहीन थंड पठार सांगते. ग्रीक 'पॅरा' सान्निध्य सुचवते. आणि लॅटिन 'प्री' पूर्वत्व सुचवते. एकाच साच्यात निवास, समीपता आणि वंशक्रम अशी तीन भिन्न प्रकारची विधाने बसली आहेत. वर्गीकरणाचा आधार शरीररचनेचा असला, तरी नाव वाचणाऱ्यास तो आधार दिसत नाही. त्याला दिसते ते पूर्वपद. आग्नेय ब्राझीलच्या अरण्यांतील 'प्रीपेडालिओडीस' ही अँडीजमधील जातींची पूर्वज असावी, असा समज केवळ एका उपसर्गामुळे होऊ शकतो. उपसर्ग हा पुरावा नव्हे.

ह्या फुलपाखरांच्या बाबतीत हा विवेक विशेष आवश्यक ठरतो. मायकेल अ‍ॅडम्स ह्यांनी १९८५ मध्ये उत्तर अँडीजमधील जातिनिर्मितीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकटच्या जाती एकाच उतारावर उंचीच्या क्रमाने एकमेकींची जागा घेतात, हे विशेषत्वाने पुढे आले. बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. येथे तेवढे चालावयास नको, काहीशे मीटर चढले की जात बदलते. परंतु बोलींची सीमा नकाशावर रेघ ओढून ठरत नाही, तशी जातींची सीमाही केवळ पंखांवरील पट्ट्यांवरून ठरत नाही. म्हणूनच अभ्यासकांना नराच्या जननेंद्रियांची रचना आणि अलीकडे जनुकीय पुरावा ह्यांकडे वळावे लागले.

जीवनक्रमाची साक्षही तितकीच महत्त्वाची आहे. ज्यांच्या अळ्यांचे निरीक्षण झाले आहे अशा पेडालिओडीस जाती प्रामुख्याने 'चुस्क्विया' ह्या डोंगरी बांबूच्या पानांवर वाढतात. प्रौढ नर ओल्या मातीवर आणि जनावरांच्या शेणावर उतरतात. त्यामुळे संग्रहांत नरांचा भरणा अधिक आणि माद्या थोड्या, असे घडते. म्हणजे ज्या नमुन्यांवर नावे उभी आहेत, ते नमुनेच एकांगी आहेत. अंडे, अळी आणि कोश ह्यांचे वर्णन हे वर्गीकरणाचे परिशिष्ट नसून त्याची कसोटी आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. बांबूचे रान तोडले गेले, किंवा तापमानवाढीने मेघारण्याची पातळी वर सरकली, की अरुंद पट्ट्यात राहणाऱ्या जातीला हलावयास जागा उरत नाही. अशी जात दुसरीच्या नावाखाली दडलेली असेल, तर तिचा लोप कोणत्याही यादीत दिसणार नाही. नाव हे नात्याविषयीचे अनुमान आहे. ते तपासण्याजोगे ठेवणे, हीच वर्गीकरणकाराची खरी जबाबदारी होय.